कुत्र्याच्या पिसवा घालवायच्या तर आधी त्याचे अंथरूण पाहावे

कुत्र्याच्या अंगावर महागाचे औषध घातले, चार दिवस बरे गेले आणि पुन्हा त्याचे खाजवणे सुरू झाले, म्हणजे औषध बनावट असणार, असा निष्कर्ष आमच्याकडे साताऱ्यात दर पावसाळ्यात अनेक घरांतून काढला जातो. काही वर्षांपूर्वी आमच्या खंड्याच्या बाबतीत मीही तोच काढला होता, दुकानदाराशी वाद घातला होता आणि दुसऱ्या दुकानातून वेगळे औषध आणून आठवड्याच्या आत तेही त्याच्या पाठीवर घातले होते. पहिले औषध चांगलेच होते. खंड्या ज्या गोधडीवर जिन्याखाली निजत असे त्या गोधडीला मी हातही लावलेला नव्हता आणि नव्या पिसवा रोज तिथूनच त्याच्या अंगावर चढत होत्या. एकावर एक दोन औषधे घातल्याने कुत्र्याला विषबाधा होऊ शकते हे मला पशुवैद्यांनी नंतर सुनावले. त्या वेळी खंड्याला काही झाले नाही हे माझे नशीब.

म्हणून या लेखात औषधांइतकीच जागा अंथरुणाला, फरशीच्या फटींना आणि अंगणातल्या सावलीला दिलेली आहे.

पिसू आहे की गोचीड

उपाय करण्यापूर्वी अंगावर नेमके काय आहे ते पाहावे, कारण बोलताना आपण पिसू, गोचीड आणि ऊ या तिन्हींना सर्रास ‘किडे’ म्हणतो आणि औषध मात्र एकाचे आणून दुसऱ्याला लावतो. गोचीड कातडीला घट्ट चिकटून बसते, रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी फुगते आणि कानात, बोटांच्या बेचक्यात व मानेखाली सापडते. गोचिडीमुळे होणारे ताप हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पिसू मात्र दीड ते तीन मिलिमीटर लांबीची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी आणि बिनपंखांची असते, केसांच्या मुळांमधून झरझर पळते आणि बोटात धरू गेल्यास उडी मारून निसटते. कुत्र्याच्या कमरेवर, शेपटीच्या मुळाशी, मांडीच्या आतल्या बाजूस आणि पोटावर ती अधिक आढळते.

काळ्या किंवा दाट केसांच्या कुत्र्यावर पिसू दिसणे कठीण असते. अशा वेळी तिची विष्ठा शोधावी. कुत्र्याला पांढऱ्या कापडावर किंवा कागदावर उभे करून उवांच्या बारीक दातांच्या फणीने कमरेपासून शेपटीकडे केस विंचरावेत. खाली मिरपुडीसारखे काळे कण पडले तर ते ओल्या कापसावर ठेवून थोडे दाबावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेले रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा समजावी. तसा डाग न पडता नुसता मळ निघाला तर ती माती होय. जत्रेत मिळणारी लाकडी फणीही या कामी चालते, मात्र तिच्या दातांना कुसे नसावीत आणि ती पुन्हा घरातल्या माणसांच्या डोक्याला लावू नये.

पिसू वाढते कोठे

आपल्या कुत्र्यांवर सापडणारी पिसू बहुधा मांजरावरच्याच जातीची असते. शास्त्रीय भाषेत तिला टेनोसेफॅलायडीस फेलिस म्हणतात. कुत्रा, मांजर, शेळी, वासरू, यांपैकी जो प्राणी मिळेल त्यावर ती निभावून नेते. आजी-पणजीकडून ऐकलेल्या प्लेगच्या आठवणींमुळे पिसू म्हटले की काही वडीलधाऱ्यांच्या मनात अजूनही धसका असतो. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ती साथ पुढे सातारा जिल्ह्यातही पोहोचली होती आणि लोकांना गाव सोडून रानात झोपड्या घालून राहावे लागले होते, हे खरे आहे. पण ती साथ मुख्यतः उंदरांवरच्या वेगळ्या जातीच्या पिसवांनी पसरवली होती. कुत्र्याच्या पिसवांमुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही परवडत नाही.

कुत्र्याच्या अंगावर आल्यावर काही मिनिटांतच पिसू रक्त पिऊ लागते आणि पहिल्या जेवणानंतर दीड दिवसाच्या आत मादी अंडी घालू लागते. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते आणि रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५ पट रक्त पिते. अंडी पांढरी, गुळगुळीत आणि कोरडी असल्यामुळे ती केसांना चिकटून राहत नाहीत. कुत्रा जिथे निजतो, अंग झाडतो किंवा खाजवतो तिथे ती गळून पडतात. एक ते दहा दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. या अळ्या रक्त पीत नाहीत. मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा हेच त्यांचे खाद्य असते. उजेड टाळून त्या खाली आणि आत सरकतात, म्हणजे गोधडीच्या शिवणीत, सतरंजीच्या पोटात, शहाबादी फरशीच्या सांध्यात, पायरीखालच्या धुळीत. एक ते तीन आठवड्यांनी अळी स्वतःभोवती रेशमासारखा कोष विणते आणि तो चिकट कोष धुळीने माखून जवळजवळ दिसेनासा होतो.

सगळ्या गैरसमजाचे मूळ या कोषात आहे. त्यातली तयार पिसू अनुकूल वेळेची वाट पाहत आठवडेच काय, काही महिनेही गप्प पडून राहू शकते आणि बहुतेक कीटकनाशके कोषाच्या आत पोहोचत नाहीत. पावलांची थरथर, अंगाची ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती क्षणात बाहेर येते. विटा-खानापूर भागातील गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेल्या कुटुंबांची गावाकडची घरे वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असतात. यात्रेला किंवा दिवाळीला कुलूप काढून आत पाऊल टाकावे आणि घोट्याभोवती पिसवांनी फडशा पाडावा, हा अनुभव अशा घरांत नवीन नाही. ओसरीवर गल्लीतल्या कुत्रीने पिले घातलेली असतात, ती केव्हाच निघून गेलेली असतात आणि कोष मात्र मागे राहिलेले असतात.

ढोबळ हिशेब असा सांगितला जातो की एखाद्या घरात असलेल्या पिसवांपैकी सुमारे ५ टक्केच कुत्र्याच्या अंगावर मोठ्या पिसवांच्या रूपात असतात, तर निम्मा भाग अंड्यांचा, ३५ टक्के अळ्यांचा आणि १० टक्के कोषांचा असतो. कुत्र्याच्या पाठीवर औषध घातल्याने त्या ५ टक्क्यांचा बंदोबस्त होतो. उरलेल्या ९५ टक्क्यांना वयात येऊन कुत्र्यावर चढायला आणि मग त्या औषधाने मरायला वेळ लागतो. सारे अनुकूल असेल तर अंड्यापासून पिसूपर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो, परंतु रेंगाळलेल्या कोषांचा विचार करता किमान तीन महिने खंड न पाडता उपचार चालू ठेवावा लागतो. औषधानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही पिसवा दिसणे हे बहुतेक वेळा औषध फसल्याचे नव्हे, तर जमिनीतले जुने कोष फुटत असल्याचे चिन्ह असते.

कुत्र्यावरचा उपचार

आरंभ वजनापासून करावा. सगळ्या विश्वसनीय औषधांची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते आणि अंदाजाने सांगितलेले वजन नेहमी चुकते, विशेषतः लेकराप्रमाणे वाढवलेल्या कुत्र्याचे. आधी कुत्र्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि वजाबाकी करावी. उचलता न येणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी धान्याच्या किंवा भुसाराच्या दुकानातला वजनकाटा उपयोगी पडतो. मोठ्या कुत्र्याची नळी आणून ती दोन लहान कुत्र्यांत वाटण्याची काटकसर करू नये, कारण थेंबांची अचूक वाटणी घरी होत नाही.

सर्वांत जास्त वापरात असलेला प्रकार म्हणजे मानेमागे सोडायचे थेंब. त्यांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड यांसारखी द्रव्ये असतात आणि त्यांचा परिणाम साधारण महिनाभर टिकतो. काही औषधांत अंडी व अळ्यांची वाढ रोखणारे मेथोप्रीनही मिसळलेले असते आणि पिसवांचा उपद्रव जुना असेल तर असे मिश्रण अधिक चांगले. थेंब घालताना केसांवर ओतण्याची चूक फार होते. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही तिथे, बोटांनी केस बाजूला करून कातडी दिसू द्यावी, नळीचे टोक कातडीला टेकवावे आणि मगच नळी दाबावी. मोठ्या कुत्र्यासाठी वेष्टनावर लिहिले असल्यास पाठीच्या कण्यावर दोन-तीन ठिकाणी वाटून सोडावे. ही औषधे त्वचेवरील तेलकट थरातून सर्व अंगभर पसरतात. म्हणून औषधापूर्वी आणि नंतर दोन दिवस कुत्र्याला आंघोळ घालू नये, शॅम्पूने तो थर निघून जातो. थेंब वाळेपर्यंत मुलांनी त्याला कुरवाळू नये आणि घरात दोन कुत्री असल्यास ती एकमेकांना चाटणार नाहीत अशी ठेवावीत. अंगावर जखम किंवा चिघळलेला भाग असेल तर त्यावर औषध पडू देऊ नये.

ज्यांची कुत्री उन्हाळ्यात कालव्यात नाहीतर कृष्णेच्या पाण्यात रोज डुंबतात त्यांनी थेंबांऐवजी गोळीचा विचार करावा. शिवाय थेंब घातलेला कुत्रा लगेच नदीत किंवा शेततळ्यात उतरला तर ते द्रव्य पाण्यातल्या किड्यांना आणि माशांनाही घातक ठरते. चघळायच्या गोळ्यांतील अफॉक्सोलेनर महिनाभर आणि फ्ल्युरालेनर साधारण १२ आठवडे काम करते. दोन्ही गोळ्या गोचिडीवरही चालतात, हा आपल्या भागात मोठाच फायदा आहे. फ्ल्युरालेनर जेवणासोबत द्यावे. या गटातील औषधे पिसू चावल्यावर तिला मारतात, त्यामुळे गोळी दिल्यानंतर अंगावर एकही पिसू चढणार नाही असे समजू नये. ती चढेल, चावेल आणि अंडी घालण्याआधी मरेल. ज्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल त्याच्या मालकाने ती गोष्ट पशुवैद्यांना आवर्जून सांगावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटाच्या औषधांबाबत फिट आणि थरथरीसंबंधी सावधगिरीची सूचना दिलेली आहे. बहुसंख्य कुत्र्यांना ही औषधे सोसतात, पण आपला कुत्रा त्या बहुसंख्यांतला आहे की नाही हे पशुवैद्यांनी ठरवावे, औषधाच्या दुकानात काउंटरवर ठरवू नये.

आठ आठवड्यांखालच्या पिलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी बहुतेक थेंब आणि गोळ्या चालत नाहीत, आणि नेमकी हीच पिले पिसवांनी सर्वांत जास्त खंगतात, कारण त्यांच्या अंगात रक्तच थोडे असते. अशा पिलांना दिवसातून दोन वेळा फणीने विंचरावे, फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्याच्या वाटीत झटकाव्यात, नुसत्या पाण्यावर त्या तरंगून निसटतात. कोमट पाण्याने थोडक्यात धुवायचे असल्यास उन्हाच्या वेळी धुऊन लगेच टॉवेलने पूर्ण कोरडे करावे. पिलांबरोबर त्यांच्या आईवर उपचार होणे आवश्यक आहे, मात्र दूध पाजणाऱ्या किंवा गाभण कुत्रीला कोणते औषध चालेल हे विचारूनच घ्यावे. हिरड्या गुलाबी न राहता पांढुरक्या दिसू लागल्या असतील आणि पिलू मलूल होऊन पडून राहत असेल, तर घरगुती उपाय करीत बसण्याची ती वेळ नव्हे. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पिसवांच्या शॅम्पूविषयी थोडेच सांगणे पुरे. शॅम्पूने त्या वेळी अंगावर असलेल्या पिसवा मरतात, मळ निघतो, कुत्र्याला आराम पडतो, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून नव्या पिसवा चढतात. वापरायचाच असेल तर प्रथम मानेभोवती फेसाचे कडे करावे, म्हणजे पिसवा पळून कानांत आणि डोळ्यांजवळ जाणार नाहीत, फेस वेष्टनावर सांगितलेली मिनिटे अंगावर राहू द्यावा आणि मग स्वच्छ धुवावा. माणसांचा शॅम्पू किंवा कपड्यांचा साबण लावू नये; त्याने त्वचा कोरडी पडून खाज उलट वाढते.

जे घालू नये

आपल्या भागात दुभती जनावरे आणि कुत्री एकाच अंगणात वाढतात, त्यामुळे म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ बादलीत कालवून त्याच पाण्याने कुत्र्यालाही आंघोळ घालण्याची रीत खेडोपाडी सर्रास दिसते. म्हशीसाठी असलेले प्रमाण कुत्र्यासाठी योग्य नसते, म्हैस स्वतःचे सर्व अंग चाटून काढत नाही आणि कुत्रा काढतो, एवढा फरक लक्षात घेतला तरी ही रीत सोडून द्यावीशी वाटेल. अमिट्राझ तर मुळात गोचीड आणि खरजेचे औषध आहे, पिसवांवर त्याचा फारसा उपयोग नाही. पिकांवर फवारायची कीटकनाशके अंगाला लावणे याहूनही वाईट. जुन्या पिढीच्या तोंडी असलेली गॅमॅक्सिन पावडर, म्हणजे लिंडेन, हिच्या वापरावर आपल्या देशात २०१३ पासून बंदी आहे. माळ्यावर एखादा जुना डबा सापडलाच तर तो कुत्र्यापासून आणि मुलांपासून दूर ठेवावा आणि त्यातली पावडर उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये.

रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या, कापूर घातलेले तेल आणि तंबाखूचे पाणी ही सर्व द्रव्ये कुत्र्याला विषारी आहेत. वासराच्या उवांना तंबाखूचे पाणी लावलेले मी लहानपणी पाहिले आहे. पण निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते आणि चाटल्याने तर जातेच. टी ट्री तेल नैसर्गिक म्हणून सुरक्षित मानले जाते, तेही कुत्र्यांना बाधते. भाकरीत लसूण कुसकरून दिल्याने पिसवा पळत नाहीत, जास्त लसूण खाल्ल्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी मात्र नष्ट होतात. हळदीबद्दल सांगलीच्या वाचकांची क्षमा मागूनच लिहावे लागेल: सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते योग्यच झाले, पण हळद लावल्याने पिसू मरत नाही, केवळ कुत्रा पिवळा होतो. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुतल्यास थोडा वेळ आराम पडत असेल, त्याने अपाय होत नाही, तथापि जिथे उपद्रव मुरलेला आहे तिथे त्याच्या भरवशावर राहू नये.

घरात मांजर असेल, किंवा उंदरांसाठी येणारे जाणारे मांजर कुत्र्याच्या कुशीत निजत असेल, तर आणखी एक काळजी अनिवार्य आहे. कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये आणि पावडरींमध्ये परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, परंतु मांजराला त्याच्या थोड्या प्रमाणानेही थरथर, फिट आणि मृत्यू येऊ शकतो. मांजराला मांजरासाठीचेच औषध घालावे, आणि ते घालावेच, कारण कुत्र्याचा उपचार करून मांजर सोडून दिले तर पिसवांचा कारखाना चालूच राहतो.

चुकीचे औषध लागून कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले किंवा त्याला उलट्या होऊ लागल्या, तर हातमोजे घालून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने अंगावरचे औषध धुऊन काढावे, जबरदस्तीने ओकारी काढू नये आणि औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन पशुवैद्यांकडे जावे. वेष्टन नेण्याने निम्मा वेळ वाचतो.

घर, ओसरी आणि गोठा

औषध घालण्याच्या दिवशीच घराचे काम हाती घ्यावे. कुत्रा जिथे जिथे निजतो त्या जागा आधी मोजाव्यात. आपण एक सांगतो आणि त्या चार निघतात: रात्रीची गोधडी, दुपारची पायरी, मोटारीखालची सावली आणि कोणी पाहत नसताना दिवाणाखालचा कोपरा. गोधडी, पोते, चादर यांपैकी जे धुता येईल ते ६० अंश किंवा अधिक तापलेल्या पाण्यात भिजवून धुवावे आणि कडक उन्हात दिवसभर उलथापालथ करीत वाळवावे. धुण्यासाठी नेताना ते झटकू नये, नाहीतर अंडी घरभर विखुरतात. जुने गोणपाट असेल तर त्याचा मोह सोडावा. हे धुणे दर आठवड्याला एकदा असे निदान तीन महिने चालू राहिले पाहिजे. मी यासाठी बुधवार ठरवून टाकला आहे, केवळ विसरू नये म्हणून.

फरशीच्या फटी, भिंतीच्या कडा, दिवाणाखालची जागा आणि जिन्याखालचा कोनाडा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावा. यंत्राच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि त्या औषध घातलेल्या कुत्र्यावर चढून मरतात, हा दुहेरी लाभ आहे. म्हणून उपचार चालू असताना कुत्र्याला त्याच्या नेहमीच्या जागेतून हाकलून लावू नये. यंत्रातला कचरा लगेच पिशवीत घट्ट बांधून बाहेर टाकावा. यंत्र नसेल तर ताठ केरसुणीने फटी उकरून, कचरा गोळा करून जाळावा आणि नंतर साबणाच्या पाण्याने फरशी पुसावी. सातारच्या जुन्या वाड्यांतल्या लाकडी तक्तपोशीच्या फटी आणि शेणाने सारवलेल्या जमिनीच्या भेगा यांना विशेष वेळ द्यावा लागतो. सारवणाने पिसवा मरत नसल्या तरी भेगा बुजतात आणि अळ्यांचा आसरा कमी होतो, इतका त्याचा उपयोग निश्चित आहे.

फवारणीची वेळ आलीच तर मोठ्या पिसवा मारणाऱ्या द्रव्यासोबत मेथोप्रीन किंवा पायरिप्रोक्सिफेन यांसारखे वाढ रोखणारे द्रव्य असलेले औषध मागावे. फवारा संपूर्ण वाळेपर्यंत माणसे आणि प्राणी बाहेर ठेवावेत, माशांची टाकी झाकून हवेचा पंप बंद करावा. शेजारी रेशीम कीटकांचे शेड किंवा मधाच्या पेट्या असतील तर अंगणात फवारणी करू नये. अंगणात खरे तर औषधापेक्षा ऊन जास्त काम करते. अळ्यांना ५० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रता आणि ३५ अंशांवरची उष्णता सोसत नाही, त्यामुळे तुळशीपुढच्या तापलेल्या मोकळ्या जागेत त्या नसतात. त्या असतात रांजणामागे, मोरीच्या कडेला, उसाच्या पाचटाच्या ढिगाखाली आणि गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथला पाला आणि कचरा काढून ऊन येऊ द्यावे. पाचट अंथरून त्यावर कुत्र्याला निजवण्याची सवय असेल तर पाचट आठवड्याला बदलावे. गोठ्यात शेळ्या किंवा वासरे खाजवताना दिसली तर त्यांनाही तपासावे, मात्र कुत्र्याचे औषध त्यांना लावू नये, औषधाचा अंश दुधात आणि मांसात उतरण्याचा प्रश्न येतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते आणि मग दोन-तीन चाव्यांनीही कमरेपासून शेपटीपर्यंतचे केस झडतात, कातडी लाल होऊन चिघळते व कुत्रा रात्रभर स्वतःला चावत राहतो. अशा कुत्र्यावर पिसू एकही न दिसण्याची शक्यता असते, कारण त्याने त्या चावून खाल्लेल्या असतात. येथे खाजेचे औषध आणि जखमेवरचा उपचार पशुवैद्यांनीच द्यावा. माणसांची स्टेरॉइडची मलमे लावू नयेत, कुत्रा ती चाटतो. चावून खाल्लेल्या पिसवेबरोबर एका पट्टकृमीची अळी पोटात जाते आणि काही आठवड्यांनी शेपटीखाली किंवा विष्ठेवर तांदळाच्या दाण्यासारखे, कधी हलणारे, तुकडे दिसतात. त्यावर प्राझिक्वांटेल दिले जाते, पण पिसवा गेल्या नाहीत तर हे जंत पुन्हा होतात. लहान मुलांनी चुकून पिसू गिळल्यास त्यांनाही ते होऊ शकतात, म्हणून कुत्र्याशी खेळल्यावर मुलांचे हात धुवावेत.

तालुक्याच्या ठिकाणच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यांनाही तपासतात, हे अनेकांच्या ध्यानात नसते. गुंतागुंतीच्या त्वचारोगासाठी सातारा जिल्ह्यातल्या लोकांना शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते.

वर्षभराचे वेळापत्रक

पिसवांचा हंगाम आपल्याकडे सर्वत्र सारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या डोंगरी पट्ट्यातही हवा महिनोन्महिने ओली असते. तिथे जूनपासून डिसेंबरपर्यंत पिसवा वाढत राहतात आणि पुढेही घराच्या आत टिकतात. माण, खटाव, आटपाडी आणि जतच्या कोरड्या भागात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच्या जमिनीवर अळ्या जगणे कठीण असते, पण पहिल्या पावसानंतर आणि विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा जोर वाढतो. तेव्हा पश्चिम भागातल्यांनी वर्षभर खंड न पाडता औषध चालू ठेवावे आणि पूर्व भागातल्यांनी निदान मेच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत ते द्यावे, असे माझे मत आहे. खर्च वाटतो खरा, परंतु एकदा घरात पसरलेल्या पिसवा काढण्याचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो.

ज्या कुत्र्याचा मेंढरांच्या तळाशी, ऊसतोडीच्या कोपींशी किंवा गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांशी रोज संबंध येतो त्याला आठवड्यातून एकदा फणी घालून पाहावे. बाहेरगावी जाताना कुत्र्याला दुसऱ्याच्या घरी ठेवायचे असेल तर नेण्याच्या दोन दिवस आधी औषध घातलेले असावे. औषधाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आठवणीवर सोडू नये.

घरातल्या पिसवा खरोखर संपल्या की नाहीत हे पाहण्यासाठी गुडघ्यापर्यंत पांढरे पायमोजे घालून कुत्र्याच्या निजायच्या जागी पाच मिनिटे पाय घासत फिरावे. काळे ठिपके मोज्यावर चढले तर उपचार आणखी महिनाभर चालू ठेवावा. रात्री जमिनीवर पसरट ताटात साबणाचे पाणी ठेवून त्यावर खाली वाकवलेला दिवा लावला तरी पिसवा त्यात पडतात आणि सकाळी मोजता येतात, फक्त त्याने त्या संपतील अशी आशा धरू नये. कुलूपबंद घर उघडताना मात्र हेच पायमोजे आधी चढवावेत, दारे-खिडक्या उघडून सगळीकडे जोरात झाडून घ्यावे, सुटलेल्या पिसवा काढून आणि धुणे उरकून मगच मुलांना आत घ्यावे. आणि बरोबर आणलेला कुत्रा असेल तर त्याला आधीच औषध घातलेले असल्याची खात्री करून घ्यावी.